शीट नंबर चौदा

सिव्हिल लाइन्समधल्या या कचेरीत
मे महिन्यात आधी कागद वाळतात, मग माणसं.
कूलरमध्ये पाणी मीच ओतते,
शिपायाची जागा सात वर्षं रिकामी आहे.

काम सोपं.
जुना नकाशा काचेवर पालथा घालायचा,
झाकण मिटायचं, उजेड सरकू द्यायचा,
शहराच्या त्या तुकड्याला नवा क्रमांक द्यायचा.

आज शीट नंबर चौदा, सन एकोणीसशे सव्वीस.
कापडावर डकवलेला कागद, कडा वाळवीने चाखलेल्या.
कोपऱ्यात विल्मट साहेबाची सही,
इतकी तिरपी, की बाहेर टांगा थांबला असावा.
तिच्याखाली बारीक अक्षरात मोजणीची टोळी:
अमीन एक, झेंडीवाले दोन,
साखळी धरणारा फागू, वल्द सुकरू, गोंड.

माझा आजा.
टेकाम तेव्हाही होतोच आम्ही,
पण विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शंभर कड्यांची साखळी त्याने
टाकळीच्या नाल्यापासून सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत ओढली.
उन्हात लोखंड लांबतं, जमीन कमी भरते,
म्हणून पहाटेच मोजायची.
बाबा सांगायचे, म्हातारा भाकरसुद्धा
अंतर तोडून दिल्यासारखी मोडायचा.
ज्याच्या राजांनी हे शहर वसवलं
तो त्या शहराची लांबी
साहेबाला ओरडून सांगत होता.

सत्तेचाळीसच्या त्या रात्री तोही गर्दीत होता.
घरी येऊन म्हणाला,
"मंग आता जमीन कोनाची झाली जी?"
कुणी हसलं. कुणी हातावर जिलबी ठेवली.
सकाळी कचेरीत साखळी तीच होती,
फक्त राजाचा फोटो काढला तिथे
भिंत जरा जास्त पांढरी.

शिक्का बदलला, रकाने राहिले.
आणि राहिला एक शब्द: नझूल.
बेवारस म्हणून घेतलेली, हरला म्हणून घेतलेली,
कुणाचीच नाही म्हणून सरकारची.
भोसल्यांचं राज्य बुडालं तेव्हा तो आला,
साहेब बोटीत बसला तेव्हा
त्याचं सामान बांधायचं राहून गेलं.

खिडकीशी रोज कुणीतरी असतं,
पट्ट्याची मुदत संपलेलं, हातात प्लास्टिकची पिशवी.
"मॅडम, घर तं आमचंच हाये ना?"
मी म्हणते, घर तुमचं, खालची जमीन नाही.
मराठीतच म्हणते,
तरी म्हणताना डोक्यावर
सोलाटोपी चढल्यासारखं होतं.

शीट चौदाच्या वरच्या कोपऱ्यात, नाल्याच्या वळणावर,
लिहिलंय: खुली जागा, झुडपे.

तिथे आमची वस्ती आहे.
तेव्हाही होती.
आजा त्याच अंगणातून पहाटे कामावर निघायचा.
म्हणजे साखळी तिथूनही गेली असणार,
कुणी कोंबड्या हाकलल्या असतील, कुणी खाट उचलली असेल,
त्याने आकडा ओरडला, अमिनाने लिहिला.
आकडा बरोबर आहे, मी दोनदा ताडून पाहिला.
घर मात्र कुणी लिहिलं नाही,
आणि आजाला वाचता येत नव्हतं.

चुलतभाऊ मनिराम तिथेच राहतो.
गेल्या महिन्यात त्याला नोटीस गेली: अतिक्रमण,
पंधरा दिवसांत खुलासा, सोबत नकाशाची प्रत.
टाइप मी केली होती.
त्याने फोन केला नाही. परवा लग्नात भेटला,
पत्रावळीवर वाकून जेवत राहिला.

उजेड काचेखालून सरकतो.
पडद्यावर नाला येतो, वळण येतं,
खुल्या जागेवर एक तपकिरी डाग येतो,
चहाचा असेल, गंजाचा असेल,
अंगठ्याएवढा आहे एवढंच सांगता येतं.
यंत्र विचारतं: डाग पुसायचे?

मी "नाही" वर बोट नेते
आणि लाइट जाते.
कूलर दोन फेरे घेऊन थांबतो.
बाहेर कुणीतरी खिडकी वाजवतं.

लाइट आली की सगळं पहिल्यापासून.
तेव्हा ते पुन्हा विचारेल.